विहिरीवरचे घड

अक्का, तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, तुझ्या खोलीत गुलाबी द्राक्षांचा वास आला.

मी तुझ्या खाटेवर बसलो होतो. तुझी लुगडी कोणाकोणाला द्यायची ते ठरवायचं म्हणून तुझ्या भावजयीने, सुमनने, ती ट्रंकेतून काढून ठेवली होती आणि ती चुलीकडे गेली होती. ऊन खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं. बाहेर काही हलत नव्हतं. आधी वाटलं, लुगड्यांतून येतोय. एकेक उचलून नाकाला लावून पाहिलं. त्यांना कापूर आणि मिश्रीचा वास होता. तोवर वास वाढला. गुलाबपाण्यासारखा, पण त्याच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारखं काहीतरी जड. आपल्या बागेला असा वास येऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे मी तसं समजत होतो.

तीनच्या सुमाराला तो गेला. कोणीतरी उठून जावं तसा.

तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. तुला वाचून दाखवता येणार नाही, हे लिहिताना मधूनमधून विसरतो. सवय आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगातून लिहिलेली माझी पत्रं तुला आबा वाचून दाखवायचे आणि तू कागद मागून घेऊन हुंगायचीस. "पोरगं आजारी हाय, आबा. लिवलं न्हाई तरी हाय," असं तू एकदा म्हणालीस आणि आबा दुसऱ्या दिवशीच्या एसटीने साताऱ्याला आले. मला ताप होता. बोर्डिंगातल्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने विचारलं, तुझी बहीण देवऋषीण आहे का? मी म्हणालो, नाही, ती आंधळी आहे. त्याला ते उत्तर वाटलं नाही.

चौथ्या वर्षी देवी आल्या आणि तुझे डोळे गेले. मी तुझ्यानंतर सहा वर्षांनी जन्मलो, त्यामुळे डोळे असलेली अक्का मला माहीतच नाही. मला माहीत आहे ती मान जरा वर करून उभी राहणारी. आबांची पलटण बंगलोरकडे होती, तिथून त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्या आणल्या आणि अर्ध्या एकरात गुलाबी जातीच्या काळ्या द्राक्षांचा मांडव उभा केला. तासगाव भागात तेव्हा द्राक्षबागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माल तयार होण्याच्या दिवसांत तू मांडवाखाली काठी न घेता फिरायचीस. लोक थांबून बघायचे. तू कधी खांबाला अडखळली नाहीस, कधी घडाला डोकं लागलं नाही. मी विचारलं होतं, कसं कळतं? तू म्हणालीस, "प्रत्येक ओळीचा वास येगळा हाय रं. तुला गल्ल्या दिसत्यात तशा मला त्या हायत."

बोर्डिंगात तू करंडी पाठवायचीस. झाकण काढलं की सबंध दालनाला वास यायचा. करंडीसोबत निरोप असायचा: वरचा घड आज खा, मधला उद्या, तळाचा परवा. मी एकदा मुद्दाम तळाचा आधी खाल्ला. आंबट होता. दोन दिवसांनी त्याच घडाचे उरलेले, जरा सुकून आलेले मणी गोड लागले आणि मला जरा भीती वाटली. तुझी नव्हे. जे आहे पण मला पोचत नाही, त्याची.

आबांचं मात्र तू सांगितलंस तेव्हा मी चिडलो होतो. "आबांच्या अंगाचा वास बदललाय, सदा. कणगीच्या तळाच्या दाण्यागत येतोय." मी म्हणालो, असलं काही बोलू नको. आठव्या दिवशी ते गेले. त्यावर आपण कधी बोललो नाही. तू एवढंच केलंस की त्यानंतर माझ्याजवळ येऊन बसताना तू जरा लांब बसायला लागलीस. का, ते मला समजायचं. माझं काही कळू नये म्हणून.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं आहे. मी हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी तुला सांगितलं की पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो आणि शेजारची फळं त्याने पिकतात, म्हणून आंब्याची अढी लावतात. त्या वायूला रंग नाही, वास नाही. तू म्हणालीस, "वास हाय."

"पुस्तकात नाही म्हटलंय, अक्का."

"पुस्तकाला नाक हाय व्हय? अढी पिकायच्या आदल्या दिवशी गोडूस वास येतो. आंब्याचा न्हवं. त्याच्या आदी येणारा."

मी हसलो. पुढे चार-पाच वर्षांनी सांगलीला वाचनालयात एका जाड पुस्तकात वाचलं की त्या वायूला किंचित गोडसर वास असतो. मी ते पान दोनदा वाचलं, पुस्तक जागेवर ठेवलं आणि घरी आलो. तुला सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, केवढीशी गोष्ट. आता वाटतं, मी पुढे जे केलं त्याचा सराव तिथेच झाला.

दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती. विहिरीला पाणी आलं होतं, मांडव पुन्हा भरला होता. घड बुडवायच्या औषधाची चर्चा तेव्हा सांगलीपर्यंत आली होती. मी वाचलं, चार जणांना भेटलो, पूड आणली. तुला सगळं समजावून सांगितलं. झाड स्वतःच्या अंगात काही द्रव्यं तयार करतं, त्यांना संजीवकं म्हणतात. चिमटीच्या हजाराव्या भागाइतकी असली तरी पुरतात. एका जागी तयार होतात आणि दुसऱ्याच जागी जाऊन काम करतात.

"बोलण्यागत," तू म्हणालीस.

मी सांगितलं की हे औषध मुळात जपानात सापडलं. तिथे भाताच्या रोपांना एक बुरशी लागायची आणि रोपं वेड्यासारखी उंच व्हायची, बारीक होऊन आडवी पडायची. त्या बुरशीतूनच हे द्रव्य काढलं. आता तेच पाण्यात मिसळून फुलोरा झाल्यावर एकेक घड त्यात बुडवायचा. मणी मोठे होतात, घड लांब सुटतो.

तू म्हणालीस, "म्हंजे रोगाचं पाणी."

"रोगाचं नाही. रोगातनं शोधलेलं."

"आन वासाचं काय हुतंय?"

अक्का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आकाराचं पुस्तकात होतं, गोडीचं होतं, वासाचं जवळजवळ काही नव्हतं. आज अंदाजाने सांगू शकतो. द्राक्षाचा वास सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो, आणि तो सगळ्यात शेवटी भरतो. आधी मणी वाढतो, मग साखर येते, मग कधीतरी वास. वाढीचं संजीवक बाहेरून दिलं की वेल वाढीतच रमते. मणी फुगतो, पिकल्यासारखा दिसतो, आपण तोडतो. वास यायचा असतो तेव्हा घड वेलीवर नसतो. हे पूर्ण खरं आहे की अर्धं, मला सिद्ध करता येणार नाही. पण त्या दिवशी मी "मला माहीत नाही" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "काही होत नाही."

तू हात पुढे केलास. "समदी बाग बुडव. माझी एक ओळ सोड."

"कोणती?"

"हिरीकडची. ती नाकात धरली की बाकीच्या कुटं हायत ते मला कळतं. न्हाईतर मला माघारी याया यायचं न्हाई."

मी तुझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. आणि मोडायचा म्हणून दिला नव्हता. मी स्वतः त्या ओळीच्या प्रत्येक खांबाला पांढरं सूत गुंडाळलं, ओळ ओळखू यावी म्हणून. हौसाबाईला, कामावरच्या बायकांच्या पुढारणीला, सांगितलं की सूत बांधलेल्या ओळीचं लक्षात ठेवा. "सोडून द्या" असं बोललो का, ते आठवत नाही. बहुतेक ते मनातच म्हणालो. आणि शाळेत गेलो.

संध्याकाळी तू बागेच्या तोंडाशी उभी होतीस. "सदा, माझ्या ओळीला स्पिरिटचा वास येतोय." ती पूड आधी स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते, मग पाण्यात. मी म्हणालो, "शेजारच्या ओळींचा वाऱ्याने येत असेल." तू मान हलवलीस. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं, हे मला दिसत होतं. तुला तर कळतच होतं.

पंधरा दिवसांनी तुझ्या ओळीचे मणी बाकीच्यांपेक्षा मोठे दिसायला लागले, तेव्हा मी हौसाबाईला विचारलं. तिचा चेहरा किती खुलला होता ते तुला सांगायला हवं होतं. "आवं मास्तर, वडाला गुंडाळत्यात तसं सूत गुंडाळलेलं बघितलं आन आमी समजलो, अक्कांनी नवस बोललाय. मग त्या ओळीला आमी पयला हात लावला. दोनदा बुडवली. आंधळ्या बाईचा नवस, त्यात हयगय करायची व्हय?"

दोनदा. सगळ्या बागेत फक्त तुझी ओळ दोनदा बुडवली गेली, आणि ती प्रेमाने.

मी तिला काही बोललो नाही. तुलाही नाही. रोज ठरवायचो. चहा घेताना सांगू, जेवताना सांगू. मग माल तयार झाला. असे घड गावाने पाहिले नव्हते. सांगलीचे व्यापारी पहिल्यांदा आपल्या फाटकापर्यंत आले, शेजारच्या गावांतले लोक वही-पेन्सिल घेऊन यायला लागले. मी त्यांना समजावून सांगायचो. आयुष्यात पहिल्यांदा शाळेबाहेरचे लोक माझं ऐकत होते.

त्या रविवारची दुपार मी विसरू शकत नाही. लोक जेवायला गेले होते. मांडवाखाली हिरवा उजेड होता, पाण्याखाली असतो तसा, आणि मधमाश्यासुद्धा नव्हत्या. मी हिशेबासाठी पेट्या मोजत होतो. तेव्हा तुझी हाक आली.

"सदा, मी कुटं हाय?"

मी वळलो. आवाज डावीकडून आला होता. तिथे तू नव्हतीस. पुन्हा हाक आली, या वेळी मागून, आणि आवाज लहान मुलीचा होता. चाळीस वर्षं ज्या बागेत तू वाट दाखवलीस, तिथे तू एकेक खांब चाचपत चालली होतीस. घड तुझ्या तोंडाला लागत होते. तू एका घडाला धरलंस, हुंगलंस, सोडलंस, पुढचा धरलास. एखाद्या घरात शिरावं आणि ओळखीच्या सगळ्या माणसांना चेहरेच नसावेत, तशी तू दिसत होतीस. मी जवळ आलो तरी तुला कळलं नाही. हे आधी कधी झालं नव्हतं.

तुझा हात धरला. बर्फ होता.

"ही माझीच ओळ हाय न्हवं?"

"हो."

"बुडवली न्हाईस न्हवं?"

"नाही."

"मग वास का न्हाई रं?"

अक्का, सांगायची जागा तीच होती. फाटकाकडून लोकांचा आवाज यायला लागला होता. ते माझ्याकडेच येत होते. मी म्हणालो, "वय झालं, अक्का. डोळ्यांसारखं नाकही मंद होतं माणसाचं. मला येतोय की वास."

तू दुसऱ्या हातातला घड सोडलास. मग म्हणालीस, "आसंल. नाक गेलं आसंल."

जन्मभर ज्या एका गोष्टीवर तू चाललीस, ती मी एका वाक्यात काढून घेतली. आणि मला वाटलं की तू मला ती काढून घेऊ दिलीस, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता.

त्यानंतर तू बागेत आली नाहीस. पुढच्या हंगामाला मी विचारलंसुद्धा नाही, सगळी बाग बुडवली. तू खोलीतच बसायचीस, खिडकीशी. मी शाळेतून आलो की पूर्वी तू सांगायचीस, आज खडू कमी, शाई जास्त, परीक्षा हाय का. तेही बंद झालं. घरात एक माणूस होतं आणि ते मला ओळखत नाही असं दाखवत होतं. संध्याकाळी तुझ्या खोलीच्या दारातून जाताना मी पाय न वाजवता जायचो. तू मान माझ्याकडे वळवायचीस. नुसती वळवायचीस. मी गेल्यावरही ती तशीच असायची.

आणि मग माघात एका सकाळी चहा पुढ्यात असताना तू गेलीस. कप निवला तरी कोणाला कळलं नाही.

आता पुन्हा त्या दुपारकडे येतो. वास आल्यावर मी सुमनला हाक मारली. ती कोरेगावची, फार बोलणारी नव्हे. पदराला हात पुसत आली.

"वास येतोय का तुला?"

"येतोय की," ती म्हणाली. "माल तयार व्हायच्या दिवसांत रोजच येतो या वेळेला. दोन सालं झाली. तुमी शाळेत असता, रविवारी व्यापाऱ्यांत."

"मला सांगितलं नाहीस?"

"आवं, तुमचीच बाग. मला वाटलं, ठाऊक आसंल."

मी खाटेवर परत बसलो. म्हणजे मी ज्या खाटेवर बसलो होतो तिथे, त्या खिडकीशी, दोन हंगाम रोज दुपारी बारा ते तीन तू हा वास घेत होतीस. तुझं नाक जागेवर होतं हे तुला रोज दुपारी कळत होतं. रोज संध्याकाळी मी पाय न वाजवता त्या दारातून जात होतो आणि तू मान वळवत होतीस.

दुसऱ्या दिवशी वास आला तसा मी त्याच्या मागे निघालो. डोळे मिटून पाहिलं, चार पावलांत गोठ्याच्या कुडाला आपटलो. मग उघड्या डोळ्यांनी गेलो. वास विहिरीतून येत होता. खरंच विहिरीतून, अक्का. काठाशी वाकलो तर खालून वर आला, गार आणि गोड. पाण्यात काळे घड दिसले. वर पाहिलं तेव्हा समजलं. तुझ्या ओळीतली शेवटची वेल मांडव सोडून विहिरीवर झुकली आहे. तिचे घड पाण्यावर लोंबतात. तिथे हात पोचत नाही, औषधाचं भांडं पोचत नाही, तोडणाऱ्याची कात्री पोचत नाही. त्या रविवारी यांचा वास अजून भरला नसावा. बारीक, दाट, सुरकुतायला लागलेले घड. मधमाश्यांनी झाकलेले. दुपारी ऊन सरळ विहिरीत उतरतं तेव्हा तो वास उठतो.

काठावर गोणपाटाची घडी होती. बसून बसून मधोमध खोलगट झालेली.

हौसाबाई पाटाच्या पाण्याशी होती. तिने मला गोणपाटाकडे बघताना पाहिलं आणि ती स्वतःच आली.

"अक्का बसायच्या तितं. तुमी शाळंत गेल्यावर. मी हाताला धरून आणायची."

"विहिरीच्या काठावर?"

"मी म्हनलं की, अक्का, पडाल. तर म्हनल्या, हितं मला समदं दिसतंय."

मग ती थोडा वेळ थांबली. तिला ते सांगायचं नव्हतं असं वाटलं. पण तिने सांगितलं. तू तिला म्हणाली होतीस, "हौसे, माझं नाक गेलं न्हाई. पन सदाला सांगू नगंस. त्यो एकडाव बोलून बसलाय. आता त्याला माघारी याया वाट न्हाई."

मी विचारलं, "मग बागेत का येत नव्हती? माझ्यादेखत?"

"त्या समोर आल्या की तुमी खाली बघत हुता म्हनं. त्यास्नी दिसत न्हवतं, पर कळत हुतं."

मी दोन वर्षं समजत होतो की मी तुला फसवलं. तू मला फसू दिलंस, अक्का. हरवायचं सोंग तू केलं नाहीस, ती दुपार खरी होती, तुझा हात खरोखर गार होता. पण त्यानंतरचं सगळं तू माझ्यासाठी केलंस. अंधारात अंधार वाढवून घेतलास, मला मान वर करून चालता यावं म्हणून. याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्यावर रागवावं, हे मला ठरवता येत नाही. एकदा हाक मारून म्हणाली असतीस, सदा, खोटारड्या. मी तेवढ्याचीच वाट पाहत होतो, असं आता वाटतं. पण वाट मी पाहायची नव्हती.

त्या दिवशी काठावर बसून मी ते मोठ्याने म्हणालो. तुझी ओळ बुडवली होती. दोनदा. तुझं नाक चांगलं होतं. आणि त्या वायूला गोडूस वास असतो. विहिरीने ते सगळं ऐकून घेतलं. मधमाश्या तेवढ्या एकदम उठल्या आणि पुन्हा बसल्या.

नऊ दिवस मी रोज दुपारी तुझ्या खाटेवर बसलो. नऊही दिवस वास आला. काल रजा संपली. आज रविवार म्हणून पुन्हा बसलो. बारा वाजले, एक वाजला. काही आलं नाही. वाटलं, घड संपले, पाखरांनी खाल्ले. बघायला गेलो.

घड होते. होते तसेच, उलट जास्त पिकलेले. मधमाश्या होत्या. मी काठावर ओणवा होऊन श्वास घेतला. ओल्या दगडाचा वास आला, शेवाळाचा आला. आणखी पुढे वाकलो. बाकी काही नाही.

हौसाबाई गोठ्याकडून येत होती. मी विचारलं, "हौसाबाई, वास गेला का गं यांचा?"

ती थबकली. नाक वर केलं, तू करायचीस तसं.

"न्हाई की मास्तर. लय येतोय. तुमास्नी येत न्हाई?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती खरं बोलते की माझ्यासाठी बोलते, हे चेहऱ्यावरून मला सांगता येईना. तू असतीस तर तुला आवाजावरून कळलं असतं.

"आसंल," मी म्हणालो. "नाक गेलं आसंल."

तिने पुढे होऊन माझं कोपर धरलं. "हिकडनं या," ती म्हणाली. "काठ हाय तितं."